हिरामावशीच्या दोन गोण्या

त्याने गोणी बुटाच्या टोकाने उलटी केली. हात लावला नाही. एका हातात फाइल होती आणि दुसऱ्या हातातला रुमाल नाकावर होता.

आमच्या ओटीवर सुका जवळा सांडला. चांगला सुटा, गुलाबीसर. शेजारी अजून एक गोणी होती, तीही भरलेली. त्याने दोन्हींकडे बोट केलं आणि आईला विचारलं, “मग ही काय?”

“ती माजी न्हाय, सायेब. हिराबायची हाय.”

“मग तुझ्या घरात कशी?”

“ती गावात नव्हती. मुरूडला लेकीच्या बालंतपनाला गेलेली. पाऊस आला तवा मी तिची उचलली.”

“आणि तुझी?”

“माजी ऱ्हायली. भिजली.”

तो हसला. दारात जमलेल्या माणसांकडे वळून हसला, जणू त्यांनीही हसावं. “स्वतःची टाकून दुसरीची उचलली? मला काय खुळा समजता काय तुम्ही लोक?”

तो विम्याचा सर्व्हेअर होता. मी आठवीत होते. एका संस्थेने गावातल्या बायकांच्या गटाला मासळीचा विमा काढून दिला होता. आमच्याकडे असलं काही पहिल्यांदाच होत होतं. होळी उलटून गेल्यावर एका दुपारी अवकाळी पाऊस आला, पंधरावीस मिनिटं पडला आणि गेला. खळ्यावर, म्हणजे मासळी सुकवायच्या आमच्या अंगणावर, आईचा अख्खा आठवड्याचा जवळा पसरलेला होता आणि बांबूंच्या दोऱ्यांवर बोंबील टांगलेले होते. सगळं भिजलं. चार दिवसांनी सर्व्हेअर गाडी घेऊन आला. तोवर खळ्यावरच्या मासळीला असा वास सुटला होता की आम्हीही नाकं मुरडत होतो. ते त्याने लांबून बघितलं. मग म्हणाला, घर दाखवा.

आमच्या खळ्यावर एक रीत आहे. आभाळ भरलेलं जिला आधी दिसेल तिने घमेलं वाजवायचं. घमेलं वाजलं की हातातलं टाकून सगळ्या बायकांनी धावायचं. आणि जी बाई त्या दिवशी खळ्यावर नाही, आजारी आहे, बाजाराला गेली आहे, माहेरी गेली आहे, तिची मासळी आधी उचलायची. मग आपली. का, ते कुणी कधी विचारलं नाही. माझी आजी तसंच करायची, तिची सासूही तसंच करायची. आपण खळ्यावर आहोत म्हणजे आपली मासळी बघायला आपण आहोत. जी नाही तिची कोण बघणार?

त्या दुपारी हिरामावशी नव्हती. तिचा जवळा जास्त होता, दोन गोण्या भरतील इतका. आई आणि मी तो भरेपर्यंत पाऊस अंगावर आला. तिच्या घराला कुलूप होतं म्हणून गोण्या आमच्या ओटीवर ठेवल्या. इतकंच झालं होतं. पण हे त्या माणसाला कसं सांगायचं? दारातल्या बायका एकदम बोलायला लागल्या, आमची अशीच रीत हाय, कुनालाबी इचारा. तो म्हणाला, “तुम्ही सगळ्या एकच बोलणार. ठाऊक आहे मला.”

मग त्याने ओटीच्या कठड्यावर फाइल ठेवून काहीतरी लिहिलं. आईला म्हणाला, “वाचता येतं का?”

आई चौथी शिकलेली. सही करते, एसटीची पाटी वाचते. तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्याची नजर माझ्याकडे गेली. मी शाळेच्या गणवेशात होते.

“तू वाच. शाळेत जातेस ना? मोठ्याने वाच. आईला कळू दे.”

मी वाचलं.

हेच मला आजही गिळता येत नाही. मी अडखळले नाही. शाळेत माझं वाचन चांगलं म्हणून गुरुजी मला वर्गापुढे उभं करायचे. तशीच उभी राहिले, ताठ, कागद दोन्ही हातांत धरून, खणखणीत आवाजात. “दावेदाराने कोरडा माल घरात लपवून ठेवल्याचे आढळले. दावा खोटा.” शेवटचे दोन शब्द वाचल्यावर मला त्यांचा अर्थ लागला. तोवर ते अख्ख्या गल्लीने ऐकले होते. माझी आई खोटारडी आहे, हे गावाला मी सांगितलं. माझ्या तोंडाने.

“कर सही,” तो म्हणाला. आईने केली. तिला वाटलं, सही केली नाही तर पोलीस येतील. त्याने कागदाची कार्बन प्रत ओटीवर टाकली आणि गेला.

हिरामावशी दुसऱ्या दिवशी आली. तिने ऐकलं आणि पायातल्या चपलेनिशी तशीच तालुक्याला गेली. तिथल्या ऑफिसात ओरडून आली, “मासली माजी हाय, मी सांगतंय ना!” तिला म्हणाले, तुम्ही तिच्या शेजारीण, तुमचं म्हणणं पुरावा धरता येत नाही. म्हणजे जिची मासळी होती तिचाच शब्द चालत नव्हता. मग कुणाचा चालतो?

पैसे मिळाले नाहीत. नुकसान आमचं आम्हीच भरून काढलं, आमच्याकडे दर वर्षी काही ना काही भिजतंच. पण त्या कागदाने एक वाईट केलं. पुढच्या वेळी घमेलं वाजलं तेव्हा दोनतीन बायका आधी आपली मासळी उचलायला धावल्या. मी बघितलं. त्या वाईट नव्हत्या. घाबरल्या होत्या. दुसरीची गोणी आपल्या घरात सापडली तर आपल्यालाही चोर ठरवतील, असं त्यांच्या मनाने घेतलं. आजीच्या सासूपासून चालत आलेली रीत एका माणसाने बॉलपेनाने दोन शब्द लिहून मोडायला आणली.

आई मात्र तशीच राहिली. पुढच्या पावसातही तिने आधी दुसरीची उचलली. मी तिच्यावर भडकले. “एकदा तोंड काळं झालं ते पुरलं न्हाय का तुला? का उचलतेस?”

ती बोंबलाची दोरी सोडवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “ती नव्हती ना गो.”

मी शिकत गेले. गणितात डोकं होतं. संख्याशास्त्र घेऊन पदवी केली, मग पुढच्या शिक्षणासाठी विद्यापीठात आले. वसतिगृहात पहिल्या आठवड्यात माझ्या बॅगेतला सोड्यांचा, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीचा, डबा कुणीतरी खोलीबाहेर नेऊन ठेवला. वर चिठ्ठी, ‘प्लीज’. मी डबा पुन्हा आत आणला. त्या डब्यावरून माझं आणि फरहीनचं जमलं. ती मुरूडची, कॉम्प्युटरची विद्यार्थिनी, तिचे अब्बा तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे कप्तान. चिठ्ठी वाचून ती म्हणाली, “छोड ना, इनको क्या पता खाना. थोडे दे मला, चावलासोबत खाते.”

दुसऱ्या वर्षी विभागाच्या फलकावर पोस्टर लागलं. विद्यार्थ्यांसाठी विम्यातल्या नव्या कल्पनांची स्पर्धा. खाली आयोजक कंपनीचं चिन्ह होतं, पांढऱ्या शिडाची निळी होडी. मी तिथेच थांबले. तीच होडी त्या कागदाच्या डोक्यावर होती. वाचायला उभी राहिले तेव्हा आधी तीच दिसली होती. मला वाटलं होतं, बोटीचं चित्र आहे म्हणजे ही आपली माणसं असतील.

मी नाव दिलं. बक्षिसासाठी नाही. तो कागद ज्यांनी लिहिला त्यांच्यासमोर उभं राहायला दुसरा रस्ता मला माहीत नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नाही.

संघ तिघांचा लागत होता. फरहीन आणि मी होतोच, तिसरा ईशान आला. त्याचे वडील विमा कंपन्यांचे सल्लागार. घरात जेवताना याच गप्पा. हुशार मुलगा, मेहनतीही. दुष्ट अजिबात नव्हता, हे सांगितलं पाहिजे. गाडीभाडं तो द्यायचा, पुस्तकं आणून द्यायचा. पण माझी ओळख करून देताना दर वेळी म्हणायचा, “ही आमची ग्राउंड रिॲलिटी.” लोक हसायचे. मीही हसायचे. किती दिवस हसले त्याची आता लाज वाटते.

त्याची कल्पना अशी की पावसाच्या सरकारी नोंदीवरून विमा द्यायचा. तालुक्याच्या पर्जन्यमापकात अमुक इतका पाऊस दिसला की पैसे आपोआप जमा. सर्व्हेअर नको, पंचनामा नको. मला ते फार आवडलं. सर्व्हेअर नको, एवढंच मी ऐकलं. मग मी आमच्या पावसाची तारीख काढून त्या दिवसाची नोंद बघितली. शून्य. तालुक्याच्या गावी त्या दिवशी थेंब पडला नव्हता. पाऊस समुद्रावरून आला, खळ्यावर पडला आणि तिथेच संपला. जवळ्याला पंधरा मिनिटं पुरतात.

मी ईशानला ते दाखवलं. तो मनापासून म्हणाला, “बापरे. मग मोजायचं कसं?”

“घमेलं वाजतं,” मी म्हणाले.

त्यातून आमची खरी योजना निघाली. फरहीनने ओल मोजणारा एक डबा बनवला, खळ्यावरच्या बांबूला बांधायचा. आणि फोनवर एक बटण ठेवलं. घमेलं वाजलं की खळ्यावरच्या बायकांनी ते दाबायचं. मासळी जिची भिजली तिने नाही, बाकीच्यांपैकी कुणीही दोघींनी. कुणाची उचलली, कुणाची राहिली, एवढंच बोलून नोंदवायचं. डब्याची ओल आणि दोघींचा शब्द जुळला की दावा मंजूर. बाईचा शब्द हा पुरावा. मला एवढंच हवं होतं. बाकीचं गणित मी केलं, किती खळी, किती दिवस, किती जोखीम. चार महिने केलं. आमच्या गावातल्या आणि दिवेआगरपर्यंतच्या बायकांशी बोलून केलं.

ईशान एकदा गावी आला. आईने त्याला तळलेले बोंबील आणि भाकरी वाढली, त्याने आवडीने खाल्ली. जाताना तिचे फोटो काढले. तिला विचारलं नाही.

अंतिम फेरी मुंबईत एका मोठ्या हॉटेलात होती. मी दोन बरण्या आणल्या होत्या. एकीत नीट सुकलेला जवळा होता, दुसरीत भिजून पुन्हा सुकवलेला. दारावरच्या रखवालदाराने बॅग उघडली आणि म्हणाला, “मॅडम, ये अंदर नहीं जाएगा. सेंट्रल एसी है.” फरहीनने त्याच्याशी भांडून बरण्या आत आणल्या. ईशान सुटात होता. त्याने मला बाजूला घेतलं.

“ऐक. वाईट वाटून घेऊ नकोस. तो दुसरीची मासळी आधी उचलायचा भाग मी काढलाय. फार लोककथेसारखा वाटतो. परीक्षक कमर्शियल लोक आहेत. दोघींच्या साक्षीच्या जागी कॅमेरा टाकलाय.”

“मला न विचारता?”

“वेळ नव्हता गं. आणि सादरीकरण मीच करतो सगळं. तू बसून राहा. प्रश्न आला तर बघू. बरण्या बाहेर काढू नकोस, प्लीज.”

त्याने लॅपटॉपवर शेवटचं पान दाखवलं. त्यावर आईचा फोटो होता. ओणवी होऊन जवळा गोळा करतेय, पदर खोचलेला, चेहरा घामाने भरलेला. खाली मोठ्या अक्षरांत एक शब्द होता, ‘लाभार्थी’.

मी बसले. होय, बसले. आमचं नाव पुकारलं आणि मी त्याच्या मागे जाऊन संघाच्या खुर्चीवर गप्प बसले. चार महिन्यांचं माझं काम तो त्याच्या छान इंग्रजीत सांगत होता आणि मी मांडीवर बॅग धरून होते. समोर भिंतीएवढी निळी होडी होती. आठवीतल्या त्या पोरीसारखीच मी पुन्हा कुणीतरी हातात दिलेल्या कागदामागे होते.

मग परीक्षकांमधले एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ बोलले. कंपनीचेच मोठे अधिकारी होते. आवाज अगदी मऊ. त्यांनी विचारलं, “पण एखादी बाई मुद्दाम आपला माल पावसात ठेवून पैसे मागेल, त्याचं काय?”

ईशान म्हणाला, “म्हणूनच कॅमेरे, सर. त्या लोकांच्या बाबतीत विश्वासाचा प्रश्न असतोच.”

गृहस्थ हसले. तेच हसणं. रुमाल नव्हता, बूट जास्त चकचकीत होते, पण हसणं तेच. आपण शहाण्यांना कळतं ना, तसं. सभागृहही थोडं हसलं.

मी उठले. ईशानच्या हातातून माइक घेतला. मागितला नाही, घेतला.

“त्या लोकांपैकी मी आहे,” मी म्हणाले. मराठीत. सूत्रसंचालक मुलगी पुढे आली, “इंग्लिश प्लीज.” परीक्षकांतल्या एक बाई म्हणाल्या, “बोलू दे तिला. कळतंय आम्हाला.”

मी दोन्ही बरण्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि झाकणं काढली. वास सुटला. सुटू दे. मी म्हणाले, यातला भिजलेला कुठला ते हात लावून सांगा. कुणी हात पुढे केला नाही. मग मीच मूठ भरून दाखवली. चांगला जवळा मूठ सोडली की झरझर सुटा पडतो, भिजून सुकवलेला गठ्ठा होऊन राहतो. “आमच्या खळ्यावरची कुठलीही बाई हे डोळे मिटून सांगते. तुमच्या माणसाने ना मासळीला हात लावला, ना त्या बायकांचं ऐकलं. आणि माझ्या आईला खोटं ठरवलं.”

मग मी सगळं सांगितलं. घमेलं, हिरामावशीचं कुलूप, ओटीवरच्या दोन गोण्या, बूट. आणि ते वाक्य म्हणून दाखवलं, त्याच आवाजात. “दावेदाराने कोरडा माल घरात लपवून ठेवल्याचे आढळले. दावा खोटा. हे तुमच्या कंपनीने लिहिलंय, सर. आणि वाचायला मला लावलं. मी तेव्हा आठवीत होते.”

ते गृहस्थ आता हसत नव्हते. म्हणाले, “पण आपली सोडून दुसरीची का उचलतील?”

“कारण ती तिथे नव्हती,” मी म्हणाले. “विमा म्हणून तुम्ही जे विकता, ते आमच्या बायका रोज दुपारी फुकट करतात. तुम्हाला त्यात लबाडी दिसते, तर कॅमेरा खळ्यावर नको. तुमच्या ऑफिसात लावा.”

फरहीन मागून हळूच म्हणाली, “आता आकडे दाखव.” मी फळ्यावर आकडे मांडले. साक्ष दोघींची धरली तर खोट्या दाव्यांची भीती किती कमी होते, सर्व्हेअरचा खर्च किती वाचतो, सगळं. ते माझंच गणित होतं, मला पानं लागली नाहीत. त्या बाईंनी सहा प्रश्न विचारले. सहाचीही उत्तरं दिली.

आम्ही जिंकलो. पहिला क्रमांक.

फरहीन किंचाळली, मला मिठी मारून रडली. व्यासपीठावर नाव पुकारलं ते “ईशान आणि संघ”. ढाल ईशानच्या हातात गेली, कारण माइकपाशी तो उभा होता. फोटोत मी कडेला, माझा एक खांदा कापलेला. बक्षिसात आमच्या किनाऱ्यावर योजना राबवायचं आश्वासन होतं आणि आम्हा तिघांना कंपनीत नोकरी.

खाली उतरल्यावर कंपनीची प्रसिद्धी बघणारी एक बाई आली. खूप गोड बोलली. “तुमच्या आईंना पुढच्या कार्यक्रमाला आणा ना. कोळी पद्धतीची साडी, दागिने वगैरे. डोक्यावर टोपली असली तर फारच छान.”

“आई टोपली कामाला घेते,” मी म्हणाले. “तुमच्या कार्यक्रमात तिला कसलं काम आहे?”

तिला कळलं नाही. मी सरळ सांगितलं, “नाही आणणार. आणि तो लाभार्थीवाला फोटो काढून टाका. आत्ता, माझ्यासमोर.” ईशानने काढला. मग वैतागून म्हणाला, “जिंकलो ना आपण? आता अजून काय हवंय तुला?”

कागदाचं त्याने मघाशी ऐकलं होतं. मी स्पर्धेत का उतरले ते त्याला पहिल्यांदा सांगितलं. पोस्टरवरची होडी, ओटीवरचा कागद. त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, “इतकी जुनी गोष्ट आहे गं.” खरंच त्याच्यासाठी ती जुनी होती.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. पाच पानी. आमच्या खळ्यापासून योजना सुरू करणार, अभिनंदन, वगैरे. चौथ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: घटनेची पडताळणी कंपनीने नेमलेला अधिकारी करील, ग्रामस्थांचे निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाणार नाही.

मी ते पत्र घेऊन गावी गेले. दुपारी खळ्यावर बायका जमल्या. ऊन कडक होतं, दोऱ्यांवर बोंबील वाऱ्याने हलत होते. ढाल मी आणलीच नव्हती, ती विभागाच्या कपाटात आहे. पत्रातला मजकूर सांगितला तशी हिरामावशीची सून म्हणाली, “मिलतंय तेवरं घेवया ना गो. काय न्हाय त्यापेक्षा बरं.” दोघीतिघींनी माना हलवल्या. तिचंही चुकत नव्हतं, तिच्या घरात दोन लहान पोरं आहेत.

आई उठली आणि घरात गेली. आली तेव्हा तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने पिशवी सोडली. तो कागद होता. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, डोक्यावर निळी होडी. इतकी वर्षं तिने तो पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली ठेवला होता. मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ती विसरली. मी एकटीच जळतेय, असं वाटायचं.

“वाच,” ती म्हणाली. “दोनीबी वाच. मोठ्यानं.”

मी वाचले. आधी जुना, मग नवा. खळ्यावर उभी राहून, दोन्ही हातांनी धरून. जुन्या कागदावरच्या शेवटच्या दोन शब्दांशी आवाज फाटला. आठवीत फाटला नव्हता. हिरामावशी पदराने डोळे पुसत बसली होती.

आई म्हणाली, “यो बी तसाच हाय. तवा मी खोटी. आता आपुन समद्या खोट्या.” मग माझ्याकडे वळली. “त्यांना लिव. आधी ह्यो पुसा म्हनावं. मंग बोलू.”

“आनी न्हाय पुसला तर?” सुनेने विचारलं.

हिरामावशी म्हणाली, “न्हाय तर न्हाय. घमेलं हाय आपलं. माजी जिनं उचलली तिला चोर म्हनतात, त्यांचा पैसा मला न्हाय पायजे.” सुनेने पदर खोचला. मग म्हणाली, “लिव बाय. माजं बी नाव टाक.”

मी तिथेच बसून उत्तर लिहिलं. तीन कलमं. पहिलं, माझ्या आईच्या दाव्यावरचा ‘खोटा’ हा शब्द कंपनीने लेखी मागे घ्यावा. दुसरं, खळ्यावरच्या दोन बायकांचा शब्द पुरावा मानावा. तिसरं मी आईने सांगितलं तसं लिहिलं: जी बाई खळ्यावर नसेल तिची मासळी आधी उचलली जाईल, आणि ती ज्या घरात सापडेल त्या घराला चोर म्हणता येणार नाही. खाली बावीस बायकांच्या सह्या. पहिली आईची.

नोकरीच्या पत्राचं उत्तर त्याच पाकिटात घातलं. तो शब्द मागे घेईपर्यंत मी रुजू होणार नाही. फरहीननेही तसंच लिहिलं. ईशान रुजू झाला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला होता, “एवढा हट्ट कशाला? आत येऊन बदल ना.” मी म्हणाले, “आत यायचंच आहे मला. त्या कागदाखालून वाकून नाही येणार.”

उत्तर आलेलं नाही. मी दर सोमवारी तेच पत्र पुन्हा पाठवते, पोस्टाने, पोचपावतीसह. चार पाठवली. चारशे पाठवीन. आमच्या खळ्यावर त्यांचा डबा लागणार नाही, कॅमेरा लागणार नाही, आईचा एक फोटो त्यांना मिळणार नाही.

आणि ज्या दिवशी तो शब्द खोडलेला कागद येईल, त्या दिवशी मी घमेलं वाजवीन. सगळ्यांना बोलवीन. ओटीवर, जिथे त्याने गोणी उलटी केली होती, तिथेच उभी राहून तो कागद वाचीन. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. वाचन माझं पहिल्यापासून चांगलं आहे.